लोखंड मातीत परतू नये म्हणून

डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात, ज्याच्या भोवतालच्या टेकड्या लोहखनिजासाठी कित्येक दशके उकरल्या गेल्या आणि ज्याच्या रस्त्यांवरची धूळ आजही तांबडीच आहे, आमच्या घराच्या मागल्या पडवीत एक लहानशी सुतारशाळा आहे. एक जुने फणसाचे मेज, त्याला जखडलेला शिकंजा, खुंट्यांना टांगलेल्या तीन करवती, दोन रंधे, अर्धा डझन पटाश्या, एक वाकस, एक गुण्या, गिरमिटांचा संच आणि कोपऱ्यात जांभ्याच्या चिऱ्यांवर आडव्या रचून ठेवलेल्या फळ्या, एवढाच तिचा सरंजाम. पावसाळा सोडून एरवी आठवडाभराचे कचेरीचे काम संपवून शनिवारी दुपारी मी त्या पडवीचे दार उघडतो, तेव्हा कोणत्याही फळीकडे वळण्यापूर्वी एकेक पाते उजेडात धरून त्यावर तांबूस ठिपका उमटला आहे की काय, ते पाहतो. घरच्या सुतारकामाची खरी सुरुवात या पाहण्यापासून होते, आणि ज्याला या पाहण्याचा कंटाळा येतो त्याची सुतारशाळा दोन पावसाळ्यांत भंगाराची खोली होते, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

गंज म्हणजे काय हे आमच्या गावाला निराळे शिकवावे लागत नाही. डोंगरातून जे निघते ते लोह आणि प्राणवायू यांचे संयुग. १९५० च्या दशकापासून ते मांडवीच्या पात्रातून बार्जमधून मुरगाव बंदराकडे आणि तेथून मुख्यत्वे जपानच्या पोलादी कारखान्यांकडे जाऊ लागले. तेथल्या भट्ट्यांत कोळशाच्या बळावर त्यातला प्राणवायू हिरावून घेतला जातो, आणि मग जे उरते त्याला आपण लोखंड म्हणतो. ते लोखंड दमट हवेत उघडे पडले की तोच प्राणवायू पाण्याच्या साहाय्याने पावलापावलाने परत येतो आणि पात्यावर जी तांबडी पूड धरते ती रासायनिक दृष्ट्या आमच्या डोंगराच्या मातीचे सख्खे भावंड असते. किंबहुना पडवीची भिंत ज्या जांभ्या चिऱ्यांची आहे त्यांचा रंगही लोहाच्या याच संयुगांचा. तेव्हा पाळीतल्या माणसाने पटाशी पुसून तिला तेलाचे बोट लावणे ही साधी टापटीप नाही. डोंगरातून एवढ्या सायासाने वेगळे केलेले लोखंड पुन्हा मातीत परतू नये म्हणून केलेला तो नित्याचा बंदोबस्त आहे. निगा या शब्दाचा अर्थ मला याच कामात उमगला.

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाला गंज चढण्याचा वेग झपाट्याने वाढतो. आणि गोव्यात, जेथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, मृग लागल्यापासून हस्त सरेपर्यंत ती बहुतेक काळ ८० च्या वरच असते. म्हणून मृगाच्या आधीचा शनिवार-रविवार आमच्याकडे हत्यारांच्या नावे राखून ठेवलेला असतो. प्रत्येक पाते कोरड्या फडक्याने पुसायचे, शिलाईयंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरवायचा, करवतींच्या दातांवर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळायची, आणि पेटीत कापराच्या दोन-चार वड्या टाकून झाकण घट्ट लावायचे. कापराची वाफ पात्यांवर पातळ आवरण धरते, म्हणून जुने कारागीर तो हत्यारांच्या पेटीत आवर्जून ठेवीत. एक खबरदारी मात्र आमच्या भागात विशेष घ्यावी लागते. तेल लावलेले पाते उघड्यावर राहिले तर खाणीची तांबडी धूळ त्या तेलात बसते, आणि मग फडके फिरवले की त्या धुळीतील कणांचे ओरखडे पात्यावर उठतात. तेल लावायचे ते धूळ पुसल्यावर, आणि लावल्यावर हत्यार झाकायचे, हा क्रम उलटा होता कामा नये. गंमतीची नव्हे, विचार करण्यासारखी गोष्ट ही की हेच लोहाचे तांबडे भस्म अत्यंत बारीक वाटून आणि गाळून घेतले की जगभरचे कारागीर धातूला आणि काचेला झिलई आणण्यासाठी वापरतात. एकच द्रव्य, भरड असताना धार बिघडवते, शुद्ध केल्यावर चकाकी देते.

धार हा सुतारशाळेचा प्राण आहे. मला हे काम ज्या वृद्ध मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, शिकवले, त्यांनी पहिले दोन महिने मला लाकूड कापू दिले नाही. “बाब, हत्यार पयलें, लाकूड मागीर,” एवढेच ते म्हणत आणि निसणा माझ्यापुढे सरकवत. पटाशीची धार लावण्याची रीत वरकरणी सोपी आहे. पात्याची सपाट पाठ आधी दगडावर घासून खरोखरीच सपाट करावयाची, कारण धार म्हणजे दोन पृष्ठांची भेट, आणि त्यांतले एक जरी ओबडधोबड असले तरी भेट नीट होत नाही. मग उतरती बाजू २५ ते ३० अंशांच्या कोनात दगडावर टेकवून, मनगट न हलवता, केवळ खांद्यातून पुढेमागे सरकवायची. हात स्थिर असेल तर थोड्या वेळाने पाठीकडच्या बाजूस अंगठ्याला केसाएवढा खरखरीत काठ जाणवतो. तो संपूर्ण रुंदीभर जाणवला म्हणजे समजावे की दोन्ही पृष्ठे एकमेकांना जाऊन भिडली. त्यानंतर बारीक दगड, मग चामड्याची पट्टी, आणि तो काठ निघून गेला की पारख. ही पारख अंगठ्यावर करू नये. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकावर पटाशी दाबून पाहावी. बोथट पाते तेथील तंतू चुरडते आणि पांढुरके व्रण ठेवते, तर धारदार पात्यामागे गुळगुळीत, किंचित चमकणारा पृष्ठभाग उरतो. हा फरक एकदा डोळ्यांना दिसला की बोथट हत्याराने काम करणे मनुष्याला पुन्हा सहन होत नाही. सागवान कापणाऱ्याला तर ही उठाठेव वारंवार करावी लागते, कारण त्या लाकडात वाळूच्याच जातीचे, सिलिकेचे सूक्ष्म कण असतात आणि ते चांगल्या पोलादालाही तासाभरात दमवतात.

लोखंडाची अशी कथा, तर लाकडाची त्याहून सूक्ष्म. झाड तोडले, फळ्या पाडल्या, वर्षभर सुकवले, तरी लाकडाचे हवेशी असलेले देणेघेणे संपत नाही. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा घेते आणि फुगते, माघ-फाल्गुनात तो परत करते आणि आकसते. आमच्या हवेत उघड्या पडवीतल्या सुक्या लाकडातला ओलावा कोरड्या दिवसांत वजनाच्या १२-१३ टक्क्यांच्या आसपास आणि ऐन पावसात १८ टक्क्यांच्या पुढे असतो. या फरकाने फळीची लांबी जवळजवळ बदलतच नाही, बदलते ती रुंदी. आणि तीही खोडाच्या वलयांना अनुसरून कापलेल्या फळीत जितकी बदलते तितकी गाभ्याकडून सालीकडे अशा रेषेत कापलेल्या फळीत बदलत नाही, साधारण निम्मीच बदलते. एक फूट रुंदीची सागवानी फळी ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत सुमारे ३ मिलिमीटर रुंदावते. ३ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे ज्याला वाटते, त्याने एकदा ती फळी दोन्ही कडांना आवळून ठेवून पाहावे.

मी हा धडा एका चौरंगाच्या मोबदल्यात घेतला. ऐन श्रावणात बनवलेल्या त्या चौरंगाच्या फळ्या मी खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूंनी करकचून जखडल्या होत्या. सारे घट्ट, सारे काटकोनात, आणि माझ्या मनात कृतार्थता. माघ उजाडला तेव्हा एका रात्री पडवीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला, आणि सकाळी पाहतो तो मधली फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चिरलेली. फळीला आकसायचे होते आणि मी तिला जागा ठेवली नव्हती. तेव्हापासून आडव्या पट्टीत स्क्रूसाठी मी गोल भोक न पाडता, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोक पाडतो. स्क्रू फळीला धरून ठेवतो, परंतु फळी त्याला घेऊन दोन-तीन मिलिमीटर सरकू शकते. जुन्या दरवाजांच्या दिलह्या चौकटीच्या खोबणीत नुसत्या बसवलेल्या असतात, खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, याचेही कारण हेच. त्या अनाम कारागिरांनी पदार्थविज्ञानाची पोथी वाचली नव्हती. त्यांनी पावसाळे वाचले होते.

कोणते लाकूड घ्यावे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागात त्याचे उत्तर घराच्या परसातच असते. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडात राहून वर्षानुवर्षे तांबूस तपकिरी होत जाते. वाळवी त्याच्या गाभ्याच्या वाट्याला सहसा जात नाही, आणि रंध्याखाली ते सरळ चालते. शिवण हलकी, सुकल्यावर वाकडी न होणारी, म्हणून पोळपाट, पेट्या आणि कोरीव कामाला उत्तम. किंदळ आणि मत्ती, ज्याला घाटावर ऐन म्हणतात, ही जड व बळकट, वाशांना आणि तुळयांना योग्य, मात्र सुकताना चिरण्याचा त्यांचा स्वभाव आहे. जांभा नावाच्या झाडाचे लाकूड इतके कठीण की हातहत्यारांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आंबा स्वस्त व सुलभ. पण त्याला कीड लवकर लागते, तेव्हा तो घरातल्या किरकोळ कामांपुरता ठेवावा. आपल्या आवारातले झाड असले तरी ते तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगी घ्यावी लागते, हे ध्यानात असू द्यावे. माझा सल्ला विचाराल तर नवशिक्याने झाडाकडे न पाहता मोडीच्या लाकडाकडे पाहावे. जुनी कौलारू घरे उतरवली जातात तेव्हा त्यांच्या तुळया, वासे, चौकटी विकायला निघतात. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले ते लाकूड जितके शांत झालेले असते तितके नवे कधी नसते. फक्त करवत लावण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावा, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचे दहा दात घेऊन जातो.

ताज्या फळ्या घेतल्याच तर एक इंच जाडीस एक वर्ष, हा सावलीत सुकवण्याचा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. फळ्या जमिनीला टेकू न देता चिऱ्यांवर ठेवाव्यात, दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या घालाव्यात म्हणजे वारा खेळतो, टोकांना रंग किंवा मेण फासावे, कारण ओलावा टोकांतून सर्वांत वेगाने निघतो आणि चिरा तेथूनच सुरू होतात. जमिनीला लागणाऱ्या खांबांना व पायांना आमच्याकडे डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचे तेल, पूर्वापार लावतात. ते वाळवीला दूर ठेवते. परंतु कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड उठतात, म्हणून हातमोज्यांवाचून त्याला शिवू नये.

आता शनिवार-रविवारच्या कामांविषयी. हाती दोनच दिवस असतात, तेव्हा काम असे निवडावे की ते रविवारी संध्याकाळी एखाद्या टप्प्याला पोहोचेल. पहिल्या वर्षी आदोळीची, म्हणजे आपल्या विळीची, सैल झालेली पाटली बदलावी. दवल्यांना दांडे बसवावेत. पोळपाटाचा निखळलेला पाय पुन्हा बसवावा. जेवणाचा पाट करावा. ही कामे क्षुल्लक दिसतात, पण त्यांत मापणे, आखणे, कापणे, रंधणे आणि जोडणे हे सारे येते. दुसऱ्या वर्षी साल आणि कुसू यांचा सांधा शिकावा, ज्यात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत असे बसते की खिळ्याची गरज उरत नाही. त्यातून तिवई, चौरंग, पुस्तकांची मांडणी निघते.

मला स्वतःला ज्या कामाने सर्वांत अधिक शिकवले ते माटोळीच्या चौकटीचे. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीवर लाकडी पट्ट्यांची जी जाळी टांगतात, तिला नारळ, सुपाऱ्यांची शिपटी, केळ्यांचे घड, म्हाळुंगे आणि रानातली कितीतरी फळे बांधतात. तिचा भार मोठा असतो, आणि तो देवाच्या मस्तकावर असतो. आमची जुनी चौकट खिळ्यांची होती आणि खिळे गंजून लाकडात काळे पडले होते. मी चैत्रात दीड इंच रुंदीच्या सागवानी पट्ट्या घेतल्या आणि जेथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तेथे दोहोंत अर्ध्या जाडीच्या खाचा पाडल्या, म्हणजे एक दुसरीत बसून पृष्ठ सपाट राहते. या सांध्यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. खाचेची रुंदी ज्या दिशेने मोजायची ती त्या पट्टीच्या लांबीची दिशा, आणि लांबीत लाकूड फुगत नाही. म्हणून खाच चैत्रात जेवढी, तेवढीच भाद्रपदात. परंतु तिच्यात बसणारी दुसरी पट्टी रुंदीत फुगते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. अर्थात चैत्रात हाताने सहज सरकणारा सांधा भाद्रपदात, नेमका भार पडण्याच्या दिवसांत, आपोआप घट्ट होतो. चैत्रातच तो घट्ट केला असता तर पावसात पट्टीच्या कडा चुरडल्या असत्या. चैत्रात तो जरासा सैल ठेवणे, एका जाड कागदाच्या जाडीइतका, हेच त्या कामाचे मर्म होते. खिळ्याचे लोखंड पावसाने दुबळे होते; सांध्याचे लाकूड त्याच पावसाने बळकट झाले.

आमच्या सरहद्दीपलीकडे, पेडण्याच्या उत्तरेस, सावंतवाडीची चितारआळी आहे, जेथे लाकडी फळे, खेळणी आणि पाट पिढ्यानपिढ्या घडतात. लाकूड फिरवण्याच्या यंत्रावर फिरत्या वस्तूला रंगीत लाखेची कांडी लावली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून तिचे आवरण बसते, आणि केवड्याचे पान धरले की त्यावर आरशासारखी झिलई येते. ते कौशल्य आयुष्यभराच्या साधनेचे आहे आणि आठवड्यातून दोन दिवस काम करणाऱ्याने त्याची बरोबरी करण्याची आकांक्षा धरू नये. तथापि त्याने स्वतः एक पाट रंधला असेल तर चितारआळीतला पाट हाती घेताना तो त्याची किंमत करण्यात घासाघीस करणार नाही, हा लाभ लहान नाही. फिनलंडने १८६६ मध्येच ग्रामीण शाळांत मुलांना हस्तव्यवसाय सक्तीचा केला, आणि १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातातल्या उद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली. दोहोंमागची समजूत एकच होती की वस्तू घडवणारा हात मनालाही शिस्त लावतो. प्रौढांच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे.

काही गोष्टी मात्र तळमळीने सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांत चूक झाली तर दुरुस्तीची मुदत मिळत नाही. लाकडाची बारीक धूळ श्वासावाटे दीर्घकाळ आत जाणे कर्करोगास कारणीभूत ठरते, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे. तोंडानाकाला चांगली पट्टी बांधल्यावाचून घासकाम करू नये आणि भुसा कोरड्या झाडूने उडवू नये. अळशीच्या तेलाने पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि बोळ्याच्या पोटात ती साठत जाऊन फडके आपोआप पेट घेते. अशी फडकी दोरीवर एकेरी पसरून वाळवावीत. ऐन पावसात विजेची हत्यारे ओल्या जमिनीवर उभे राहून चालवू नयेत. आणि पाते कितीही चांगले असले तरी दुसरा हात त्याच्या वाटेत कधीही ठेवू नये.

आश्विनात पाऊस ओसरतो, आणि खंडेनवमीला आम्ही पेटी उघडतो. त्या दिवशी हत्यारांनी काम करायचे नसते. मेजावर धुतलेले कापड पसरून रंधे, पटाश्या, करवती, वाकस, गुण्या एका ओळीत मांडतात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहतात. चार महिन्यांच्या दमट काळोखानंतर पाते उजेडात धरावे आणि त्यावर एकही तांबडा ठिपका नसावा, यापरते समाधान मला ठाऊक नाही. वर्षभराच्या निगेचा तो ताळेबंद असतो. मेस्त आता नाहीत. त्यांचा वाकस माझ्या ओळीत पहिला असतो.

माटोळीची चौकट मात्र तेव्हाही भिंतीशी तशीच उभी असते. विसर्जनानंतर पहिल्या वर्षी मी ती सुटी करायला गेलो, तेव्हा एकही सांधा हलेना. मोगरी उचललीही होती, पण मेस्तांनी हात धरला आणि नुसते बोट वर करून आभाळ दाखवले. कार्तिक गेला, मार्गशीर्षाचे कोरडे वारे सुटले, आणि पौषातल्या एका रविवारी मी सहज दोन पट्ट्या धरून वळवल्या, तर त्या हातात आल्या. चैत्रात जेवढी फट ठेवली होती, तेवढीच पुन्हा उघडली होती. दरवर्षी तसेच होते. मी पट्ट्या पुसतो, जुन्या लुगड्यात गुंडाळतो आणि फळ्यांवर आडव्या ठेवून देतो.